हिब्रू 'अफ' : नाक, राग आणि ते 'दोन नाकांचं' प्रकरण

पाणवठा
मंडळी, प्रश्न व्याकरणाचा आहे, धर्मावरून भांडायचं असेल तर कृपया दुसरीकडे. झालं असं की मागच्या रविवारी आईबरोबर उपासनेला गेलो होतो, तिथे एक पाहुणे वक्ते आले होते आणि त्यांनी निर्गम ३४:६ घेतलं, जिथे आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, देवाला 'मंदक्रोध' म्हटलंय. तर ते म्हणाले की मूळ हिब्रूत तिथे 'दोन लांब नाकांचा' असं लिहिलंय, आणि दोन का तर एक नाक दयेचं आणि एक रागाचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येताना रिक्षात आईने विचारलं, खरंच का रे? आता आईला काय सांगणार, मी आपला जावामध्ये डोकं घालून बसणारा माणूस. रात्री एक अ‍ॅप डाउनलोड केलं ज्यात प्रत्येक हिब्रू शब्दाखाली अर्थ असतो, तर त्यात खरंच दिसलं. 'एरेख अप्पायिम', पहिल्याखाली 'लांब', दुसऱ्याखाली 'नाक, द्विवचन'. म्हणजे वक्ते अगदीच हवेत बोलत नव्हते तर. पण मग हे द्विवचन काय प्रकार आहे, नाकाचा राग कसा झाला, आणि लांब नाक म्हणजे शांत माणूस हे कुठल्या हिशोबाने? कुणाला हिब्रू येतं का इथे?

तिरकस
नाकाचा राग कसा झाला हे मराठी माणसाने विचारावं? आमच्या मावशीच्या नाकाच्या शेंड्यावर कायम राग असतो, ती हिब्रू शिकलेली नाही.

दगडफूल
+१ तिरकस. धागा वाचतोय, जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अनुस्वार
मी जाणकार वगैरे नाही, पण संस्कृत शिकवताना शेजारच्या घरात डोकवायची खोड लागली आणि चारेक वर्षं हिब्रू रेटलं आहे, त्यामुळे जमेल तेवढं सांगतो. लांबेल.

शब्द आहे 'अफ', दोनच अक्षरं, आलेफ आणि पे. अर्थ नाक. पण याला प्रत्यय लागला की गंमत होते. 'त्याचं नाक' म्हणजे 'अफो' नाही तर 'अप्पो', 'माझं नाक' 'अप्पी', द्विवचन 'अप्पायिम'. फ चा एकदम प्प कसा झाला? कारण मूळ धातू तीन अक्षरी आहे, आलेफ-नून-पे. मधला न पुढच्या प मध्ये विरघळला, अन्प चं अप्प झालं. हे आपल्याला नवीन नाही, संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. तिथे प गेला आणि त वर जोर आला, इथे न गेला आणि प वर जोर आला. आणि शब्दाच्या शेवटी हिब्रूला जोडाक्षर पेलवत नाही म्हणून एकटा असला की अप्प चा अफ होतो. बास. नून कुठे गेला हे बघायचं असेल तर क्रियापद बघा, 'आनफ' म्हणजे रागावणे, तिथे नून शाबूत आहे. यशया १२:१ मध्ये 'तू माझ्यावर रागावला होतास' ला 'आनफ्ता बी' आहे. म्हणजे अक्षरशः 'तू माझ्यावर नाकावलास' म्हणा हवं तर :)

आता राग. जुन्या करारात हा शब्द अडीचशेहून जास्त वेळा येतो आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी अर्थ नाक नसून राग आहे. सगळ्यात ठरलेला वाक्प्रयोग म्हणजे 'वय्यिखर अप्पो', त्याचं नाक जळलं, पेटलं. राहेल याकोबाला म्हणते मला मुलं दे नाहीतर मी मरते, तेव्हा याकोबाचं नाक पेटतं (उत्पत्ती ३०:२). मोशे डोंगरावरून खाली येतो आणि सोन्याचं वासरू बघतो तेव्हा त्याचं पेटतं. बलामाची गाढवी रस्त्यात बसकण मारते तेव्हा बलामाचं पेटतं आणि तो तिला काठीने बडवतो. मराठीत राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, तो कधीही उडेल म्हणून. हिब्रूत तो नाकात पेटलेला असतो. चिडलेल्या बैलाकडे बघा एकदा, फुरफुर, गरम श्वास, फुगलेल्या नाकपुड्या, मग शब्दकोश लागणार नाही.

द्विवचनाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, कुकर लावायचाय.

मस्कतवाला
अरबीत नाकाला 'अन्फ' म्हणतात, नून जागच्या जागी. इथे इतकी वर्षं कानावर पडतोय पण हिब्रूच्या अफ शी कधी जोडलाच नव्हता. _/\_

अनुस्वार
मस्कतवाला, अगदी बरोबर, सख्खी भावंडं. अक्कादीत 'अप्पु', तिथेही नून विरघळलेला. आणि अरामीत 'अन्पिन', म्हणजे चेहरा. दानीएलाच्या पुस्तकाचा काही भाग अरामीत आहे, त्यात २:४६ ला नबुखद्नेस्सर राजा 'अन्पोही'वर म्हणजे आपल्या तोंडावर पालथा पडतो, तिथे तुमचा नून ठसठशीत दिसतो.

आता द्विवचन. शाळेत देवः देवौ देवाः घोकलेलं असेल त्यांना सोपं जाईल. संस्कृतात कुठलीही दोन गोष्ट द्विवचनात जाते, दोन देव, दोन वने, दोन गाढवं. हिब्रूत तसं नाही. तिथे द्विवचन हे फक्त नामांना, आणि तेही मोजक्याच. जोडीने असणारे अवयव, जोडीने येणाऱ्या वस्तू, आणि दोन दिवस, दोन वर्षं, दोनशे, दोन हजार अशी काळ-मोजमापं. प्रत्यय '-आयिम'. यादायिम हात, रग्लायिम पाय, एनायिम डोळे, ओझ्नायिम कान. विशेषण आणि क्रियापदाला द्विवचनच नाही, ती सरळ अनेकवचनात जातात.

आणि खरी मेख अशी की काळ-मोजमापं सोडली तर अवयवांचं हे द्विवचन 'दोन' असं मोजतच नाही. लेवीय ११:२३ मध्ये किड्यांना 'चार रग्लायिम' आहेत, यशया ६:२ मध्ये साराफांना, म्हणजे एक प्रकारच्या देवदूतांना, 'सहा केनाफायिम' म्हणजे सहा पंख. चार द्विवचनी पाय! दातांना 'शिन्नायिम' म्हणतात, आता दात काय दोन असतात? दोन ओळी असतात. म्हणजे हे रूप सांगतं की ही वस्तू स्वभावाने जोडीची आहे, आकडा नाही सांगत.

तर 'अप्पायिम' म्हणजे दोन नाकं नव्हेत हो. नाकाची जी जोडी असते ती. नाकपुड्या. उत्पत्ती २:७ मध्ये देव मातीच्या माणसाच्या 'अप्पाव'मध्ये जीवनाचा श्वास फुंकतो, हे द्विवचनी रूप आहे, त्याच्या नाकपुड्यांत. आदामाला काय दोन नाकं होती का? पाणवठा, आईला एवढं एक सांगितलंत तरी निम्मं काम झालं.

दगडफूल
नासिका पण संस्कृतात द्विवचनात येते ना? 'नासिकाभ्याम्' कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

अनुस्वार
दगडफूल, शाब्बास. ऋग्वेद १०.१६३, 'अक्षीभ्यां ते नासिकाभ्यां कर्णाभ्यां छुबुकादधि'. रोग काढून टाकायचं सूक्त आहे, तुझ्या डोळ्यांतून, नाकातून, कानांतून, हनुवटीतून मी यक्ष्म उपटून काढतो. डोळे, नाक, कान तिन्ही द्विवचनात आणि हनुवटी बिचारी एकटी एकवचनात. तिथे कुणी म्हणत नाही की वैदिक लोकांना दोन नाकं होती.

शंकासुर
म्हणजे थोडक्यात एकवचन 'अफ' = राग आणि द्विवचन 'अप्पायिम' = नाकपुड्या, असं ना? मग 'एरेख अप्पायिम' चा अर्थ सरळ 'लांब नाकपुड्यांचा' होतो, रागाचा काही संबंधच नाही. भाषांतरकारांनी उगाच मंदक्रोध घुसडलं.

अनुस्वार
शंकासुर, हा नियम छान दिसतो पण टिकत नाही. आणि तो मोडणारं वाक्य इतकं सुंदर आहे की मी वाटच बघत होतो कुणी विचारायची. नीतिसूत्रे ३०:३३. मूळ असं वाजतं:

मीत्स खालाव योत्सी खेमआ,
उ-मीत्स अफ योत्सी दाम,
उ-मीत्स अप्पायिम योत्सी रीव.

'मीत्स' म्हणजे दाबणं, पिळणं, घुसळणं. तिन्ही ओळींत तोच शब्द, तेच क्रियापद. दूध घुसळलं की लोणी निघतं, 'अफ' पिळलं की रक्त निघतं, आणि 'अप्पायिम' पिळलं की भांडण निघतं. इथे बघा बरोब्बर उलटं आहे. एकवचनी अफ म्हणजे खरंखुरं हाडामासाचं नाक ज्यातून घोळणा फुटतो, आणि द्विवचनी अप्पायिम म्हणजे राग. ज्याने हे रचलं त्याला एकवचन-द्विवचनाशी खेळताना किती मजा आली असेल. आणि हे भाषांतरात येतच नाही, कारण नाक आणि राग हे दोन वेगळे शब्द वापरले की तिसरी ओळ दुसरीतून उगवत नाही, नुसती खाली येऊन बसते.

तर एकवचन असो की द्विवचन, दोघांनाही नाक आणि राग दोन्ही अर्थ आहेत. फक्त द्विवचनाला अजून एक तिसरा अर्थ आहे, चेहरा. उत्पत्ती ४२:६, योसेफाचे भाऊ त्याच्यापुढे 'अप्पायिम आर्त्सा' म्हणजे नाकपुड्या जमिनीला लावून नमन करतात.

तिरकस
नाक घासलं म्हणा की सरळ! आमच्याकडे अजून घासतात.

समुद्रकाठ
शालोम सगळ्यांना. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ रायगडातले, लहानपणीच इकडे इस्रायलला आलो पण घरात आई शेवटपर्यंत मराठीच बोलली त्यामुळे इथे डोकावते अधूनमधून. विषय बघून राहवलं नाही.

हे शब्द आमच्यासाठी पुस्तकातले नाहीत, किप्पूरच्या म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी आणि त्याआधीच्या सलीखोत म्हणजे क्षमा मागायच्या प्रार्थनांमध्ये निर्गमातली तीच ओळ सगळे उभं राहून मोठ्याने म्हणतात, परत परत. 'अदोनाय अदोनाय एल राखुम वे-खान्नुन, एरेख अपायिम...' देवाचे तेरा गुण. माझे आजोबा म्हणायचे तेव्हा 'एरेख' लांबवायचे, इतकं लांबवायचे की आम्ही पोरं हसायचो, उपासाने पोटात कावळे आणि वर हे. त्यातलं नाक मला खूप उशिरा दिसलं, इकडच्या शाळेत. तोपर्यंत तो एकच शब्द होता, एरेखपायिम, काहीतरी चांगलं.

आजच्या बोलण्यात अफ म्हणजे नाकच, सर्दी झाली की अफ. राग म्हणायला 'काअस' वापरतात, अफ चा राग हा अर्थ आता पुस्तकी झाला. पण नाक मुरडणे आहे, 'ले-आकेम एत हा-अफ', नाक वाकडं करणे. सासवा सगळीकडे सारख्या :D

आणि एक गंमत, 'अफ' नावाचा दुसराच एक शब्द आहे, अर्थ 'सुद्धा'. त्यावरून 'अफ आल पी' म्हणजे 'जरी, असं असूनही'. मी नवीन असताना वर्गात त्याचं भाषांतर केलं होतं 'तोंडावर नाक'. कारण पी म्हणजे तोंड. बाईंनी मला वाचायलाच लावलं नाही मग महिनाभर.

दगडफूल
तोंडावर नाक असतंच की, चूक काय त्यात 🤣

अनुस्वार
समुद्रकाठ ताई, तुम्ही आलात, आता मी मागच्या बाकावर. तो 'सुद्धा'वाला अफ अगदी एदेन बागेपासून आहे, उत्पत्ती ३:१ मध्ये सापाचं पहिलं बोलणंच 'अफ की' ने सुरू होतं. नवशिके तिथे हटकून सापाला नाक लावतात, मीही लावलं होतं.

पाणवठा
बापरे, दोन तास मीटिंगमध्ये होतो तर एवढं सगळं. आईला आदामाच्या नाकपुड्या सांगितल्या, पटलं तिला. पण तिचा पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे. ती म्हणते ठीक आहे, नाकपुड्या तर नाकपुड्या, पण 'लांब' का? लांब नाकाचा माणूस शांत असतो हे तिला मान्य नाही, तिने आमच्या एका नातेवाईकाचं उदाहरण दिलं जे इथे लिहीत नाही.

गुगळी
मी कुठेतरी ऐकलंय की नाक लांब असलं की ते गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून राग उशिरा येतो. लॉजिकल वाटतं.

अनुस्वार
गुगळी, हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे, मला स्वतःला ते रेडिएटरसारखं वाटतं. गोड आहे पण गरज नाही त्याची.

आधी व्याकरण. 'एरेख' हे 'आरेख' (लांब) या विशेषणाचं आखडलेलं रूप. हिब्रूत दोन शब्द 'अमक्याचा तमका' असे जोडले की पहिला शब्द अंग चोरून घेतो, यारेख (मांडी) चं येरेख होतं, कातेफ (खांदा) चं केतेफ, तसं आरेख चं एरेख. म्हणजे शब्दशः 'नाकपुड्यांचा लांब'. आपल्याकडे याला नाव आहे, बहुव्रीही. लंब आहे उदर ज्याचं तो लंबोदर, तसं लांब आहेत अप्पायिम ज्याचे तो एरेख अप्पायिम. फरक इतकाच की आपण शब्द चिकटवून एक करतो, ते शेजारी ठेवून पहिल्याला दाबतात. यहेज्केल १७:३ मध्ये एक गरुड आहे, 'एरेख हा-एवेर', लांब पिसांचा. तिथे पिसं खरंच लांब आहेत. नाकाचं मात्र तसं नाही.

कारण, आता इथे नीट बघा, लांब आणि आखूड हे शब्द हिब्रूत अफ शीच येतात असं नाही. नीतिसूत्रे १४:१७ मध्ये 'केत्सर अप्पायिम', आखूड नाकपुड्यांचा, म्हणजे शीघ्रकोपी. उपदेशक ७:८ मध्ये 'एरेख रूआख', रूआख म्हणजे वारा, श्वास, आत्मा. तो धीराचा माणूस. गणना २१:४ मध्ये वाळवंटात लोकांची 'नेफेश' आखूड होते, म्हणजे ते वैतागतात, आणि नेफेश म्हणजे जीव पण मुळात गळा, श्वास. ईयोब ६:११ मध्ये तो म्हणतो माझा अंत असा काय आहे की मी माझी नेफेश लांबवू. नाकपुड्या, रूआख, नेफेश. तिन्हींतून काय जातं?

शंकासुर
श्वास.

अनुस्वार
श्वास. रागावलेल्या माणसाचा श्वास तुटक होतो, शांत माणसाचा लांब. नाकाच्या लांबीशी काही देणंघेणं नाही. आणि मराठीत याला शब्द आहे जो आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पोरांना, बसच्या रांगेत, कुकरच्या शिट्टीला. दम धर. दमाने घे. दम म्हणजे श्वासच, फारसीतून आलेला. 'दमाचा माणूस' म्हटलं की जे डोळ्यापुढे येतं ते एरेख अप्पायिमच्या जितकं जवळ आहे तितकं 'लांब नाकाचा' कधीच जाणार नाही. 'मंदक्रोध' हा शब्द मला व्यक्तिशः आवडतो, भारदस्त आहे आणि बहुव्रीहीला बहुव्रीहीने उत्तर दिलंय. पण त्यात क्रोध आहे आणि शरीर नाही. 'दम' मध्ये शरीर आहे.

मात्र एक प्रामाणिकपणे सांगतो, काहींचं म्हणणं असं की अप्पायिम चा अर्थ तोपर्यंत 'राग' असाच घट्ट झाला होता आणि 'लांब' म्हणजे वेळेने लांबवलेला, पुढे ढकललेला. यशया ४८:९ मध्ये देव म्हणतो 'मी माझा अफ लांबवतो', म्हणजे राग आवरून धरतो. तिथे हा अर्थ जास्त चपखल बसतो आणि माझा श्वास थोडा अडकतो. मी तरी श्वासाच्या बाजूने.

शंकासुर
मला दुसरी बाजू पटते. शब्द घासून घासून गुळगुळीत झाला की बोलणाऱ्याला मूळ चित्र दिसत नाही. 'नाकी नऊ आले' म्हणताना कुणाला नऊ दिसतात?

अनुस्वार
मान्य. पण नीतिसूत्रेवाल्याला दिसत होतं ना, नाहीतर रक्ताची ओळ कशी सुचली.

समुद्रकाठ
पाणवठा, त्या वक्त्यांची 'दोन नाकं' कुठून आली असतील याचा मला अंदाज आहे. तलमूदात, म्हणजे आमच्या रब्बींच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, एरुवीन २२ मध्ये हाच प्रश्न विचारलाय की 'एरेख अफ' पुरलं असतं, 'एरेख अप्पायिम' का लिहिलं? आणि उत्तर दिलंय, नीतिमानांसाठीही देव धीर धरतो आणि दुष्टांसाठीही. म्हणजे दोन कशाचे तर धीराचेच, एक यांच्यासाठी एक त्यांच्यासाठी. दयेचं एक आणि रागाचं एक असं नाहीच. त्यांनी कुठेतरी अर्धवट ऐकलं असणार. रब्बी लोकांना व्याकरण माहीत नव्हतं असं नाही हां, त्यांना माहीत असूनच ते असे प्रश्न विचारायचे, एक अक्षर जास्त दिसलं की त्यातून काहीतरी काढायचं ही त्यांची पद्धत.

आणि दया म्हणाल तर ती त्याच ओळीत आहे पण वेगळ्या अवयवात. 'राखुम' (दयाळू) ची मुळाक्षरं आणि 'रेखेम' ची एकच आहेत. रेखेम म्हणजे गर्भाशय. त्यातूनच 'राखामीम', दया. मुंबईत मांडवीला आमचं सगळ्यात जुनं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, शार हाराखामीम, दयेचं दार, सॅम्युएल एझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं. मस्जिद बंदर स्टेशनला मस्जिद नाव पडलं ते त्यावरून असं आमच्यात सांगतात, कारण आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे.

मस्कतवाला
राखामीम = अरबी रहमान, रहीम, रहम. हे तर हिंदी सिनेमा बघणाऱ्यालाही कळेल.

दगडफूल
राखामीम पण द्विवचन का? शेवटी -ईम आहे.

अनुस्वार
नाही, -ईम हे साधं पुल्लिंगी अनेकवचन, -आयिम हे द्विवचन. भाववाचक नामं हिब्रूत बरेचदा अनेकवचनात जातात. 'पानीम' (चेहरा) पण असाच, अनेकवचन आहे, द्विवचन नाही.

लिंगाचंही सांगून टाकतो नाहीतर राहील. जोडीचे अवयव बहुधा स्त्रीलिंगी, हात पाय डोळा कान सगळे. नाक एकच, म्हणून अफ पुल्लिंगी. जीभ एकच असून स्त्रीलिंगी, त्यामुळे नियमावर फार भरवसा ठेवू नका.

तिरकस
नाक आहे तर नथ कुठेय? एवढा मोठा ग्रंथ आणि एकही बाई नटली नाही?

समुद्रकाठ
आहे ना! रिबकेची. अब्राहामाचा चाकर विहिरीवर तिला सोन्याची 'नेझेम' देतो, वजन अर्धा शेकेल, आणि पुढे गोष्ट सांगताना म्हणतो मी ती तिच्या 'अप्पाह'वर म्हणजे नाकात घातली, उत्पत्ती २४:४७. एकवचन बघा, नथ एकाच बाजूला :) आमच्या आजीच्या लग्नात नथ होती, मोत्यांची, कोकणातली, फोटो आहे. ती रिबकेचं नाव घेऊन सांगायची की आपलीच रीत आहे. खरं तर ती रीत शेजारणींकडून घेतलेली, पण आजीला कोण सांगणार.

नीतिसूत्रे ११:२२ पण वाचा, डुकराच्या नाकात सोन्याची नथ.

अनुस्वार
आणि वेसणही आहे. २ राजे १९:२८, अश्शूरच्या सन्हेरीबाला देव म्हणतो तुझ्या अफ मध्ये माझा आकडा घालीन आणि आलास त्या वाटेने परत नेईन.

तिरकस, तुमच्यासाठी अजून दोन. स्तोत्र १०:४, दुष्ट माणूस 'के-गोवाह अप्पो', आपल्या नाकाच्या उंचीनुसार वागतो, म्हणजे नाक वर करून चालणारा. आणि गणना ११:२०, लोक मांस मांस करून कुरकुरतात तेव्हा देव म्हणतो खाल, एक दिवस नाही दोन दिवस नाही, महिनाभर खाल, तुमच्या नाकातून बाहेर येईपर्यंत.

तिरकस
हे अगदी आमच्या आईचं वाक्य आहे, आंब्याच्या सीझनमधलं. प्रवचनात हे का सांगत नाहीत?

गुगळी
गीतरत्नात पण नाक आहे ना, 'तुझं नाक लबानोनच्या बुरुजासारखं'? आपल्याकडे चाफेकळी म्हणतात आणि तिकडे डायरेक्ट बुरूज. मुलीला आवडलं असेल का.

समुद्रकाठ
आवडलं असणार, पुढच्याच ओळींत तिच्या नाकाचा वास सफरचंदासारखा म्हटलंय. म्हणजे श्वासाचा. अनुस्वार सरांच्या बाजूला एक मत.

पाणवठा
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला काल रात्री सगळं वाचून दाखवलं. दम धर वर ती खूश झाली, डुकराची नथ तिला आधीच माहीत होती. तिने तिच्या परीने भर घातली ती अशी की शास्त्र मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक दोन्ही शिकून ते केलं, आणि छपाईचं कामही मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केलं, तर तुम्ही पोरं अ‍ॅप घेऊन काय सांगता. गप्प बसलो.

पण आता माझाच एक प्रश्न. अ‍ॅपमध्ये अप्पायिम शोधताना १ शमुवेल १:५ आलं, हन्नेची गोष्ट. एलकानाच्या दोन बायका, पनिन्नेला मुलं आहेत, हन्नेला नाहीत. एलकाना पनिन्नेला आणि तिच्या मुलांना वाटे देतो आणि हन्नेला 'माना अखात अप्पायिम'. 'एक वाटा' पर्यंत कळलं. पुढे अप्पायिम कशाला? एका भाषांतरात दुप्पट वाटा आहे, दुसऱ्यात फक्त एकच. हे तर टोकाचं झालं, बाईला जास्त मिळालं की कमी?

अनुस्वार
आता पकडलंत. हे जुनं दुखणं आहे. व्याकरणाने बघा, 'एक वाटा' आणि त्याला काहीही न जोडता नुसतं 'नाकपुड्या'. मध्ये 'चा' नाही, 'साठी' नाही. जो तो आपापल्या परीने ते भोक बुजवतो. तर्गूम, म्हणजे जुनं अरामी भाषांतर, म्हणतं 'निवडक वाटा'. राशी हा मोठा भाष्यकार चेहरा हा अर्थ धरतो, हसतमुखाने घ्यावा असा वाटा. लॅटिनमध्ये जेरोमने राग-दुःखाकडे नेलं, एलकानाने वाटा दिला 'खिन्न होऊन'. आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'तथापि' अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणजे त्यांच्यासमोरच्या हस्तलिखितात अप्पायिम च्या जागी बहुधा 'एफेस' होतं, आलेफ-पे-सामेख. त्यावरून 'एकच वाटा दिला, तरी त्याचं प्रेम तिच्यावर होतं'. दुप्पटवाले द्विवचनाला 'दोन' समजून चालतात, म्हणजे दोन तोंडांना पुरेल असा. वर किड्यांचे चार पाय बघितल्यावर मला ते सगळ्यात कच्चं वाटतं.

शंकासुर
मग तुमचं मत काय? इथे श्वास बसत नाही.

अनुस्वार
नाही बसत. मी ग्रीकच्या बाजूने. पुढचं वाक्य 'कारण त्याचं हन्नेवर प्रेम होतं, पण परमेश्वराने तिची कूस बंद केली होती', आणि तिथला 'कूस' चा शब्द कुठला? रेखेम.

समुद्रकाठ
मी राशीच्या बाजूने. चार माणसांत जेवायला बसलेली बाई, सवत समोर, तिची पोरं समोर, आणि नवरा ताट वाढताना तिच्याकडे बघून हसतो. वाटा किती होता ते सोडा. आणि तो पुढे १:८ मध्ये विचारतो ना, हन्ना का रडतेस, का जेवत नाहीस, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का.

तिरकस
हे विचारल्यावर तिचं अप्पायिम पेटलं नाही का?

समुद्रकाठ
नाही. ती जेवण झाल्यावर उठून देवळात गेली आणि ओठ हलवत बसली, आवाज न काढता. पुजाऱ्याला वाटलं प्यायलीये.

पाणवठा
आई म्हणते हन्नेचं सगळं ठीक आहे पण एलकानाला अक्कल नव्हती. आणि पुढच्या रविवारी ती त्या वक्त्यांना आदामाला नाकं किती होती ते विचारणार आहे, मला बरोबर चल म्हणतेय.